रोस्नाबाई नाटकाला येतात

हेल्दुर नुर्मिकला ती बातमी थिएटरच्या उपाहारगृहात, कॉफीच्या रांगेत उभं असताना कळली.

"महिनाअखेरच्या रविवारी रोस्नाबाई येतायत म्हणे," पुढे उभी असलेली एनेली मागे वळून म्हणाली. "पहिल्या रांगेत. एकट्या नाही, मैत्रिणींचा गोतावळा घेऊन."

"कशाला?"

"कशाला काय, बाबा? नाटक त्यांचं आहे. कधीतरी बघायला येणारच की बाई."

"चांगलं आहे," हेल्दुर म्हणाला. चांगलं कसलं, डोंबल! कॉफी न घेताच तो रांगेतून बाहेर पडला.

एनेली काही त्याची मुलगी नव्हे. 'दलदलीकाठचं घर' या नाटकात ती त्याची मुलगी व्हायची आणि पडदा पडला तरी त्याला बाबाच म्हणायची. हेल्दुरला ते आवडायचं, पण तसं त्यानं कधी बोलून दाखवलं नव्हतं. चाळीस वर्षं तो या तळ्याकाठच्या गावात नाटकं करत आला होता. कधी राजा, कधी दारुडा, अलीकडे बहुतेक आजोबा. शिवाय तो कवी होता. चार संग्रह होते त्याच्या नावावर. पण बाजारात बायका त्याला ओळखायच्या त्या डेअरीच्या जाहिरातीतला म्हातारा म्हणून. कविता लिहायची त्यानं कधीच थांबवली होती. बायको गेली, लेहते, तेव्हापासून एक ओळ म्हणून सुचली नव्हती.

आणि मेता रोस्ना म्हणजे काय चीज होती हे नाटकातल्या माणसांना सांगायला नको. ऐंशी ओलांडलेली बाई. हे पद्यनाटक तिनं तरुणपणी लिहिलं आणि तेव्हापासून त्याच्यावर ससाण्यासारखी नजर ठेवून बसली. एकदा म्हणे तार्तूला एका नटानं 'बर्च'च्या जागी 'पाइन' म्हटलं. बाई भर प्रयोगात उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "बर्च!" नटानं मुकाट्यानं बर्च म्हटलं, तेव्हा बाई खाली बसल्या. गोष्ट खरी की खोटी कोण जाणे, पण एका झाडावरून ही तऱ्हा, तर हेल्दुरचं काय होणार होतं?

कारण हेल्दुरची भानगड झाडाएवढी नव्हती. अख्खं रान गायब होतं.

नाटकात एक विधुर म्हातारा दलदलीच्या काठावर राहतो. तिसऱ्या अंकात त्याची मुलगी लग्न होऊन निघते आणि तो तिला निरोप देतो. लांबलचक निरोप आहे तो, आमच्या जुन्या गाण्यांच्या चालीतला. आठ अक्षरांची ओळ, आणि एका ओळीत म्हटलेलं दुसरीत पुन्हा वेगळ्या शब्दांत. दोन हिवाळ्यांपूर्वी, दौऱ्यावर, एका खेड्यातल्या सभागृहात हेल्दुर त्या निरोपाला उभा राहिला आणि पाटी कोरी झाली. विंगेतून प्रॉम्प्टर वाइकेनं ओळ सांगितली. पुन्हा सांगितली. त्याला ती ऐकू येत होती, पण दुसऱ्याच कुणाला सांगितल्यासारखी. आणि मग त्याचं तोंड आपणहून उघडलं. त्याच चालीत, त्याच आठ अक्षरांत, काहीतरी भलतंच बाहेर पडायला लागलं. त्याची आजी सीमेकडच्या सेतूमा मुलखातली, लग्नांत पुढे उभं राहून गाणारी. उभ्या उभ्या ओळी जुळवायची आणि मागच्या बायका त्या उचलायच्या. आजीचं रक्त ऐन वेळी कामाला आलं आणि त्यानं वेळ मारून नेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणाला काही कळलं नाही, असं त्याला वाटलं.

झाकली मूठ सव्वा लाखाची. पण पुढच्या प्रयोगाला तेच. त्याच जागी रोस्नाबाईंच्या ओळी पोलीस बघितल्यासारख्या पसार व्हायच्या आणि हा आपल्या पदरचं काहीबाही म्हणून सुटायचा. काय म्हणालो हे विंगेत आल्यावर त्याला आठवायचंही नाही. आजचा दिवस निभावला एवढंच कळायचं. असं दोन वर्षं चाललं होतं.

दुसऱ्या कुठल्या मुलखात कुणीतरी त्याला विचारलं असतं. आमच्याकडे नाही. आमच्याकडे शेजाऱ्याच्या घराला आग लागली तरी माणूस आधी दार वाजवून विचारतो, अडचण तर नाही ना झाली? हेल्दुर कुणाशी बोलला नाही आणि त्याच्याशी कुणी बोललं नाही. फक्त वाइके तेवढी एक गोष्ट करायची. तिच्या नावाचा अर्थ शांत आणि धंदा कुजबुजण्याचा, यावरून तिची आयुष्यभर थट्टा झालेली. तिसऱ्या अंकातली ती जागा आली की वाइके मांडीवरची संहिता मिटायची, चष्मा कपाळावर सरकवायची आणि हाताची घडी घालून बसायची. हेल्दुरला रंगमंचावरून ते दिसायचं. कर बाबा तुला काय करायचं ते, मी हात टेकले, असाच त्याचा अर्थ. दुसरा कुठला असणार?

खरी भीती मात्र रोस्नाबाईंची नव्हती. त्याचा थोरला भाऊ काल्यो जहाजावर कप्तान होता. आमच्या समुद्रावरची सगळी दीपगृहं ओळीनं म्हणून दाखवायचा, पोरं टाळ्या पिटायची. आता तो पार्नूच्या वृद्धाश्रमात असतो आणि भेटायला गेलेल्या सख्ख्या भावाला विचारतो, "आपण कुठल्या बोटीवर?" त्याचीही सुरुवात अशीच झाली होती. एक दीपगृह गळलं, मग दुसरं. हेल्दुर डॉक्टरकडे गेला नव्हता, कारण डॉक्टरनं खरं सांगितलं असतं. आता ते रोस्नाबाई सांगणार होत्या, भर थिएटरात. मग दिग्दर्शक काळजीच्या आवाजात बोलणार, आता विश्रांती घ्या म्हणणार, निरोपाचा समारंभ, मोठा केक, फुलं. लेहते गेली, कविता गेली. रंगमंच गेला तर उरलं काय? डेअरीची जाहिरात.

"नाही," हेल्दुर स्वतःशी म्हणाला. "तो निरोप मी पाठ करीन. नाही झाला तर मात्र माझं मीच सांगून टाकीन आणि घरी बसेन."

आणि साठी उलटलेल्या माणसानं शाळकरी पोरासारखं पाठांतर सुरू केलं. दात घासताना, बटाटे सोलताना, तळ्याच्या काठानं चालताना. बदकं त्याला टाळायला लागली. आधी चार ओळी टिकायच्या, पाचवी आली की पहिली जायची. मग दहा टिकल्या. मग एक दिवस पुन्हा सगळ्या उडाल्या, तेव्हा तो स्वयंपाकघरात डोकं धरून बसला आणि त्याला पार्नूच्या त्या खोलीतलं कॅलेंडर दिसलं, काल्योसाठी रोज कुणीतरी पान फाडतं ते.

आत्म्यांच्या दिवसांत, गेलेल्यांची आठवण काढायच्या त्या शरद ऋतूत, तो लेहतेच्या कबरीवर गेला. पानं गोळा केली, वाळूवर दाताळं फिरवून सारख्या रेषा ओढल्या, मेणबत्ती लावली. मग इकडेतिकडे बघून निरोप म्हणायला लागला. शेजारच्या कबरीपाशी एक बाई गुडघे टेकून शेवाळ खरवडत होती.

"कुणाला म्हणताय?" तिनं विचारलं.

"बायकोला. माफ करा, त्रास होत असेल तर…"

"छे हो. उलट जरा मोठ्यानं म्हणा. आमच्यांना कमी ऐकू यायचं."

हेल्दुरनं मोठ्यानं म्हटलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक शब्द न चुकता. बाईनं मान हलवली आणि पुन्हा शेवाळाकडे वळली. घरी येताना तो दोनदा वाटेत थांबून हसला.

तो रविवार उजाडला तो चिखल आणि बर्फ कालवलेला. दुपारचा प्रयोग, म्हणून खेड्यापाड्यांतून बसगाड्या भरभरून आल्या होत्या. विंगेत जाताना दिवेवाला त्याला म्हणाला, "पिशवीत दगड!" आमच्याकडे शिकाऱ्याला, कोळ्याला आणि नटाला यश असंच चिंततात, आणि त्यावर आभार मानले की ते फळत नाही. म्हणून हेल्दुर नुसता गुरगुरला.

पडद्याच्या फटीतून त्यानं बघितलं. पहिल्या रांगेच्या मधोमध रोस्नाबाई बसल्या होत्या, सरळ, काठी दोन्ही हातांत. आजूबाजूला मैत्रिणी, नीट केस केलेल्या, मांडीवर पर्सा. न्यायाधीशांचं मंडळच.

पहिले दोन अंक पार पडले. तिसऱ्यात एनेली बोचकं घेऊन दारात उभी राहिली आणि ती जागा आली. विंगेत वाइकेनं सवयीनं संहिता मिटली, चष्मा वर सरकवला. आणि हेल्दुरनं रोस्नाबाईंची पहिली ओळ म्हटली. मग दुसरी. शब्द आज्ञाधारक सैनिकांसारखे येत गेले. वाइके दचकली, घाईघाईनं चष्मा खाली ओढून तिनं संहिता उघडली आणि ओळींवर बोट फिरवायला लागली. एनेली त्याच्याकडे विचित्र नजरेनं बघत होती. रोज या जागी तिचे डोळे आपोआप भरायचे. आज ते कोरडेच होते, आणि उत्तराचं वाक्य तिला जरा उशिरानंच आठवलं. हेल्दुरला त्याचं काही नव्हतं. तो मनात मोजत होता: राहिल्या वीस, राहिल्या दहा, संपलं. एक अक्षर चुकलं नव्हतं.

पडदा पडला. टाळ्या नेहमीएवढ्या होत्या की थोड्या कमी, हे त्यानं बघितलंही नाही. मेकअप रूममधल्या खुर्चीत तो धाडकन बसला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. डोकं शाबूत आहे! काल्योचं काल्योपाशी, माझं माझ्यापाशी. त्यानं चिकटवलेली दाढी अर्धी ओढून काढली, आरशातल्या माणसाला डोळा मारला, आणि तेवढ्यात बोळातून काठीचा आवाज आला. ठक, ठक, ठक.

रोस्नाबाई न विचारता आत आल्या. मागोमाग मैत्रिणी, कोट घातलेल्या, मावतील तेवढ्या आत आणि बाकीच्या दारात. त्यांच्या मागून एनेली आणि वाइके.

"नुर्मिक," बाई म्हणाल्या, "मी ऐकायला आले त्या ओळी कुठायत?"

हेल्दुर उठून उभा राहिला. आज त्याला कुणाचं भय नव्हतं. "रोस्नाबाई, एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही. वाइकेला विचारा, तिच्यापुढे संहिता होती."

"विचारायचं काय त्यात? ऐकलं ना मी! या थंडीत बसमध्ये हाडं खिळखिळी करून आले, ते काय माझंच जुनं रडगाणं ऐकायला?"

हेल्दुरनं वाइकेकडे बघितलं.

"मे महिन्यात तुम्ही राप्पिना गावात प्रयोगाला आला होतात," बाई पुढे म्हणाल्या. "माझी भाची राहते तिथे. मी उशिरा पोचले, मागे खांबाआड बसले. तिसऱ्या अंकात तू जे काही म्हणालास त्यातलं अक्षरही मी लिहिलेलं नव्हतं."

"मग तुम्ही ओरडला नाहीत?" एनेलीनं विचारलं. ती बर्चची गोष्ट तिनंही ऐकलेली.

"ओरडणार होते. उठायला लागले तर उठता येईना. रडत होते ना मी, गाढवासारखी." बाईंनी काठी आपटली. "मी ते भाषण लिहिलं तेव्हा तिशीत होते. कुणाला निरोप दिला नव्हता तोवर. ऐकीव होतं सगळं. म्हटलं, या माणसानं ते दुरुस्त केलं. म्हणून यांना घेऊन आले. यातल्या चौघींचे नवरे गेलेत. त्यांना कबूल केलं होतं मी. आणि तू आज शहाण्या मुलासारखा धडा म्हणून मोकळा झालास!"

"मी दुरुस्त केलं नाही, बाई," हेल्दुर म्हणाला. आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "मी विसरायचो. तुमच्या ओळी आठवायच्याच नाहीत. मला वाटलं, माझ्या भावासारखं माझंही डोकं चाललं. कुणाला कळू नये म्हणून तोंडाला येईल ते म्हणत होतो."

"डोकं चाललं?" वाइके म्हणाली. तिचा मोठा आवाज कुणी फारसा ऐकलेला नव्हता. "अरे, आज अख्खं भाषण एका दमात म्हणालास, स्वल्पविरामासकट. चाललेलं डोकं असं असतं तर मलापण आणून दे एखादं."

दारातल्या म्हाताऱ्या हसल्या. हेल्दुरलाही हसू आलं, पण तो तिला म्हणाला, "तू संहिता मिटून टाकायचीस. वैतागून."

"वैतागून? ऐकायला मिटायचे मी! पुस्तक उघडं ठेवून कधी कुणाला ऐकता येतं का?"

हेल्दुर खाली बसला. दोन वर्षं. दोन वर्षं तो त्या मिटलेल्या संहितेला घाबरत होता आणि ती बाई तिथे त्याला ऐकत बसली होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

"ते राहू दे," रोस्नाबाई म्हणाल्या. "म्हणून दाखव."

"काय?"

"ते. राप्पिनाचं."

हेल्दुरनं तोंड उघडलं. "मला येत नाही," तो म्हणाला. "खरंच सांगतो. विंगेत आलो की ते माझ्याजवळ राहायचंच नाही."

मग वाइकेनं चष्मा कपाळावर सरकवला, हाताची घडी घातली आणि तिच्या त्या कुजबुजीत, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली,

"पाय ठेव पाहून गं,"

आणि एनेलीनं लगेच पुढची उचलली,

"पाणी आहे पानाखाली."

"मऊ तिथे मुळी नको," वाइके म्हणाली.

"मुळं दिसली की थांब," बोळातून दिवेवाल्याचा जाडा आवाज आला. तो कधी आला होता कुणास ठाऊक.

"दार नाही लावलेलं," एनेली म्हणाली, आणि आता तिचे डोळे भरले होते.

"दिवा नाही विझवला," कपड्यांना इस्त्री करणारी बाई हातात हँगर घेऊन म्हणाली.

"वाट पाहणार नाही," वाइके म्हणाली.

"तोंड फक्त वाटेकडे."

ही शेवटची ओळ तिघांनी मिळून म्हटली आणि सगळे थांबले. हेल्दुर एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. या ओळी त्यानं आयुष्यात पहिल्यांदा ऐकल्या होत्या. कुणाच्या आहेत, इतक्या चांगल्या? असं त्याच्या मनात आलं, आणि मग त्याला ते कळलं.

"पुढे?" रोस्नाबाईंनी विचारलं.

"पुढचं रोज वेगळं असायचं," एनेली म्हणाली. "ते बाबांनाच माहीत."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. हेल्दुर आरशाकडे वळला. अर्धी दाढी लोंबत होती. त्याला आपलं घर दिसलं, बाहेरची खोली, पश्चिमेची खिडकी.

"खुर्ची तशी ठेवलेली," तो म्हणाला, "खिडकीच्या उजेडात."

आणि तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं. दलदलीकाठच्या त्या म्हाताऱ्याच्या घरात खुर्ची नव्हतीच, बाक होता. नाटकातली मुलगी लग्न करून जाते, ती नाताळाला येते, बापाला मोजे विणून आणते. हा निरोप तिचा नव्हता. तेरा वर्षांपूर्वी इस्पितळात त्याला जे म्हणता आलं नव्हतं, नर्सनं "आता घरी जा" म्हटल्यावर तो टोपी हातात घेऊन नुसता निघून आला होता, ते सगळं तो दोन वर्षं खेडोपाडी जाऊन परक्या माणसांसमोर म्हणत होता.

"लेहतेची खुर्ची आहे ती," तो म्हणाला.

"माहीत आहे, बाबा," एनेली म्हणाली. "पहिल्या हिवाळ्यापासून माहीत आहे आम्हाला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही कुठे बोललात?"

हेल्दुर रडायला लागला. नटासारखा नाही, वेडावाकडा, नाक गळत, दाढीचा डिंक चेहऱ्यावर पसरवत. त्याला लाज वाटली नाही. उरावरचा धोंडा कुणीतरी दोन हातांनी उचलून बाजूला ठेवल्यासारखं त्याला मोकळं वाटत होतं. आणि खोलीतल्या माणसांनी आमची माणसं अशा वेळी करतात तेच केलं. दिवेवाल्यानं छताकडे बघितलं. म्हाताऱ्यांनी कोटांची बटणं तपासली. रोस्नाबाई मात्र त्याच्या शेजारचं स्टूल ओढून बसल्या, जवळजवळ गुडघ्याला गुडघा लावून, आणि पर्समधून कागदात गुंडाळलेलं काळ्या पावाचं सँडविच काढलं, खारवलेल्या मासोळीचं, बसमध्ये खायला आणलेलं.

"खा," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या रविवारी मी परत येणार आहे. या पण येतील. माझं काही एक म्हणायचं नाही, कळलं?"

"आणि मला काही सुचलंच नाही तर?"

"तर गप्प उभा राहा," बाई म्हणाल्या. "आम्ही थांबू."

हेल्दुरनं नाक पुसलं आणि सँडविचचा घास घेतला. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं.